मागकारण

झालं ते

कोळेकरांच्या घरात कोणी गप्प चालत नाही. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायचं तर आधी आवाज द्यायचा, "आले हं, डावीकडनं." पाण्याचा तांब्या समोरून ठेवायचा आणि हात मागे घेऊन मग बोलायचं. बेल वाजली की बिरदेवची बायको वैजयंता पाहुण्याला उंबऱ्यातच सांगते, "चप्पल इथं काढा. बिरूला मिठी मारायची नाही. खांद्यावर हात नाही, पाठीवर तर अजिबातच नाही. फोटो काढायचा असंल तर मध्ये एक माणूस मावंल एवढं अंतर." पाहुणे मान डोलावतात आणि परत जाताना जिन्यात म्हणतात, मोठा फायटर झाला, माज आला.

चार वर्षांच्या बानूला गप्प चालणं म्हणजे काय ते माहीतच नाही. ती स्वतःची दवंडी स्वतःच पिटत फिरते. "बानू आली, बानू आली, बानू खुर्चीमागनं आली, बानूच्या हातात केळं हाय." बालवाडीतही ती तशीच चालते. तिथल्या बाईंनी एकदा वैजयंताला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, घरी सगळं ठीक आहे ना?

आज सकाळी बिरदेव भिंतीला पाठ लावून जेवायला बसला आहे. तो नेहमी भिंतीला पाठ लावूनच बसतो. पुढची झुंज लांब आहे, म्हणून ताटात भाकरी आहे. झुंज जवळ आली की वजन उतरवायचं, म्हणजे आधी भाकरी जाते, मग मीठ, मग पाणी, आणि शेवटी माणूस बोलायचाही थांबतो. त्याचे कान जुन्या पैलवानांसारखे चुरगळून बसलेले आहेत. हात मांडीवर उलटे, तळवे वर.

"बाबा, लावू?"

"समोर ये. अजून. दिसतीस मला. आता लाव."

बानू एक बोट त्याच्या तळव्यावर ठेवते. शरीरावरची तेवढीच जागा डॉक्टरांनी झोपवून ठेवली आहे; तिथला स्पर्श कळतो, पण अंग उसळत नाही. दूध उतू जाईल म्हणून भांड्यावर नजर ठेवतात, तसा बिरदेव त्या बोटाकडे बघत राहतो.

"गार हाय तुझा हात," बानू म्हणते.

"तुझं बोट चिकट हाय."

"केळ्याचं."

"जा, धू."

ती ओरडत जाते. "बानू चालली, बानू चालली."

मागून आलं ते

काही नाही. आज हात हलला नाही, म्हणून मागून काही आलं नाही. असे दिवस चांगले.

थोडं शरीराविषयी

निखाऱ्यावर पाय पडला तर पाय आधी उचलला जातो आणि भाजल्याचं नंतर कळतं. कारण पायाची खबर मेंदूपर्यंत जाऊन परत यायला वेळ लागतो, आणि मज्जारज्जू तेवढा थांबत नाही. पाठीच्या कण्यातून जाणारा हा दोर म्हणजे नुसती तार नाही. त्याला स्वतःचा विचार नसला तरी स्वतःची घाई आहे.

ही घाई शिकवता येते हे कळलं, आणि पिंजऱ्यातली कुस्ती बदलली. पिंजऱ्यातली कुस्ती हे सांगली-कोल्हापूरकडचं नाव. बाकी जग त्याला एमएमए म्हणतं. जाळीच्या आत दोन माणसं, ठोसा, लाथ, पकड, मुरगळणं, सगळं चालतं. तिथे ज्याचं अंग आधी हलतं तो उरतो. म्हणून कणपेरणी आली. माणसाच्याच पेशींपासून वाढवलेल्या चेतापेशी मानेखाली मज्जारज्जूत पेरायच्या. काही महिने त्या कोवळ्या असतात आणि जे दाखवाल ते शिकतात. मग त्या बसतात. एकदा बसल्या की प्रतिस्पर्ध्याचा हात कमरेला लागायच्या आत कंबर तिथून गेलेली असते आणि कोपर आलेलं असतं. मेंदूला यातलं काहीच विचारलेलं नसतं.

लीगमध्ये आता पेरणी न केलेला माणूस उभाच राहत नाही.

अडचण एकच. कण्याला पिंजरा आणि घर यांतला फरक कळत नाही. म्हणून पेशी कोवळ्या असतानाच त्याला घरची माणसं शिकवतात. दवाखान्यात जवळचे लोक एकेक करून येतात, फायटरला हात लावतात, आणि त्या हाताला उत्तर द्यायचं नाही हे कणा शिकतो. याला ओळखस्पर्श म्हणतात. ज्याची ओळख करून द्यायची राहिली, तो कण्यासाठी कायमचा परका.

ही सगळी माहिती बिरदेवला मिरजेच्या दवाखान्यात डॉ. फिरोजा नदाफ यांनी समोर बसवून दिली होती. त्याने मान डोलावली होती आणि सही कुठे करायची ते विचारलं होतं.

झालं ते (आधीचं)

ओळखस्पर्शाच्या दिवशी घरचे सगळे नवे कपडे घालून मिरजेला गेले होते. दवाखान्याची फरशी चकचकीत, खोलीत गारवा, भिंतीला काच आणि काचेमागे डॉक्टर. बिरदेव खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेला.

वैजयंताने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, लग्नाच्या फोटोत ठेवतात तसा. ही बाई कॉलेजात कबड्डी खेळलेली. घरी ती त्याला कोपराने ढोसल्याशिवाय बाजूला सरकवत नसे, आणि चिडली की त्याचा मोडका कान पिळत असे. तिथे तिने कान नुसता बोटाने टेकवला आणि काचेकडे बघून ओशाळं हसली. बानू तेव्हा पाळण्यातली होती. तिला त्याच्या छातीवर ठेवलं, ती झोपून गेली. झोपलेल्या बाळाचं वजन कण्याने ओळखीचं म्हणून घेतलं.

शेवटी वस्ताद आले. आप्पा मगदूम. बिरदेवला बाप नव्हता. आप्पांनी त्याला तालमीतच वाढवलं होतं, हौदातल्या लाल मातीवर. त्यांनी आधी बेसिनवर हात धुतले, रुमालाने पुसले, टोपी सारखी केली आणि दोन बोटं बिरदेवच्या दंडाला लावली. तापलेला तवा बघतात तशी.

"झालं काय, डॉक्टरबाई?"

"रोज जसा लावता तसा लावा ना हात, आप्पा."

"हे काय, असाच की," आप्पा म्हणाले. "दवाखान्यात काय धसमुसळेपणा करायचा?"

सगळे पाहुण्यासारखे वागले. डॉक्टरांसमोर, यंत्रासमोर, परक्याच्या फरशीवर माणसानं नीट वागायचं असतं, हे त्या सगळ्यांना लहानपणापासून मारून शिकवलेलं होतं. कण्याने तेवढंच शिकून घेतलं. पाहुण्याचा हात आपला. घरचा हात कोणी दाखवलाच नाही.

पेशी बसल्यानंतरची पहिली झुंज बिरदेवने जिंकली. तालमीत सत्कार होता. नारळ, फेटा, हार. आप्पा मागून आले. त्यांची रीत तालमीतल्या प्रत्येक पोराला पाठीवर माहीत होती. जिंकून आलेल्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध मूठ वळून एक दणका, तोंडाने "शाब्बास रे वाघा." तो दणका बसला नाही तर पोरं रडत.

दणका बसला. शब्द अर्धाच निघाला. बिरदेवचं कोपर वळून गेलं होतं आणि आप्पा हौदाच्या कडेला पडले होते, कानशिलावर एक लहानशी खूण घेऊन. टोपी मातीत होती. ते उठले नाहीत.

पोलिसांनी अपघात लिहिला. लीगने हार पाठवला.

मागून आलं ते

बिरदेव पहिल्या दिवशी रडला. दुसऱ्या दिवशी जेवला. तिसऱ्या दिवशी वैजयंतापाशी बसून शांतपणे म्हणाला, "एक सांगू? म्हातारा मला पहिल्यापासनं पाण्यात बघायचा."

वैजयंताला वाटलं, दुःखाने बोलतोय.

"पोस्टर माझं लागायचं तर आत-बाहेर व्हायचा. दणका मारायचा तो काय कौतुकानं? खुन्नस होती त्याच्यात. आपल्याला ते कळत होतं. मी मारलं ते उगाच न्हाई मारलं."

"बिरू, तुझ्या आजारपणात त्या माणसानं तुला पाठीवर घेऊन—"

"घेतलं असंल. मी नाकारतो काय?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. वैजयंताला भीती वाटली ती त्याचीच. हवामान सांगावं तसा तो सांगत होता.

झालं ते

आप्पा गेल्यावर नवरा-बायको मिरजेला गेले. डॉ. नदाफ यांच्या खोलीत त्या दिवशी वैजयंताच जास्त बोलली. बिरदेव भिंतीला पाठ लावून उभा होता. डॉक्टरांनी त्याला आप्पांविषयी बरंच विचारलं आणि मग चहाचा कप खाली ठेवला.

"वरातीमागून घोडं माहीत आहे ना?" त्या म्हणाल्या.

"हो की," वैजयंता म्हणाली.

"मेंदू हे ते घोडं. वरात पुढे निघून गेलेली असते. हात हलून गेलेला असतो, माणूस पडलेला असतो. मेंदू मागून धापा टाकत पोचतो. पण त्याला लाज वाटते. मी मागे राहिलो हे तो कधीच कबूल करत नाही. तो म्हणतो, वरात मीच काढली, आणि का काढली त्याचं कारणही सांगतो. तिथल्या तिथे तयार केलेलं. आम्ही त्याला मागकारण म्हणतो."

"म्हणजे खोटं बोलतो," वैजयंता म्हणाली.

"खोटं बोलणाऱ्याला खरं माहीत असतं. याला नसतं. मागकारण आतून अगदी खरं लागतं. तुम्हाला तहान लागल्यावर तहान जशी खरी लागते, तसं."

बिरदेव पहिल्यांदाच आपणहून बोलला. "मग आप्पाबद्दल मला आधी वाटायचं ते?"

"तुम्हाला आठवतं का ते?"

"आठवतंय सगळं. पण शेजारच्यानं सांगितल्यागत आठवतंय." त्याने डॉक्टरांकडे बघितलं. "हे तुम्हाला आधीपासनं ठाऊक होतं?"

"लहान प्रमाणात हे सगळ्यांनाच होतं. पेरणी नसलेल्यालाही. रागाच्या भरात तुम्ही मुलाला चापट मारता आणि मग म्हणता, तो तसाच हट्टी आहे. पण साध्या माणसाचा हात मेंदूच्या फारसा पुढे जात नाही, म्हणून कारण आणि हात साधारण बरोबर चालतात. तुमचा हात फार पुढे जातो. मधल्या मोकळ्या जागेत किती मोठं कारण मावेल, याचा अंदाज आम्हाला नव्हता."

"पेरलेलं उपटून काढा."

"त्या पेशी आता तुमची मान तोलून धरणाऱ्या पेशींत गुंतल्या आहेत. काढल्या तर मान उभी राहणार नाही. श्वासाचंही सांगता येत नाही."

वैजयंता म्हणाली, "घरात लहान पोर हाय, डॉक्टर. तिचा हात लागला तर हा तिला—"

"ते न्हाई," बिरदेव म्हणाला. "म्हणजे ते हायच. ते आपण बघू, अंतर ठेवू, बोलत चालू. मला भ्या वेगळंच हाय." त्याने शब्द शोधले. तो शब्दांचा माणूस नव्हता. "तिला लागंल. ती रडंल. आणि मग मला वाटंल, बरं झालं. मला तिचा राग यायला लागंल आणि तो मला पटंल. तिला मारलं तर मी सोसीन, जेलात जाईन. पण ती मला नकोशी झाली, तर ते मला कळणारसुद्धा न्हाई. तेवढं होऊ देऊ नका."

डॉक्टरांनी आश्वासन दिलं नाही. त्यांच्या बाजूने एवढं तरी लिहायला हवं.

तेव्हापासून घर बोलत चालू लागलं.

झालं ते

केळ्याच्या त्या सकाळनंतर काही दिवसांनी चिकनच्या दुकानाचं उद्घाटन होतं. झुंजी नसतात तेव्हा फायटरचं आयुष्य असंच जातं. जिम, सलून, दुकान, कात्री, फीत, फ्लेक्सवर स्वतःचंच तोंड. लीगची माणसं त्याच्याभोवती हात धरून रिंगण करतात, कौतुकाने कोणी चिकटू नये म्हणून. वैजयंता आणि बानू रिंगणाच्या आत, त्याच्यासमोर, नेमून दिलेल्या अंतरावर.

दुकानाच्या मागून एक कुत्रं कोंबडीच्या पायासाठी आत घुसलं. बानूला कुत्र्याची भीती. भ्यालेलं पोर बापाकडे पळतं. ती आवाज न देता पळाली, फिरून मागे गेली आणि बिरदेवच्या गुडघ्याला मागून घट्ट मिठी मारली.

पाय वळला. बानू हवेतून गेली आणि रिंगण करणाऱ्यांपैकी एकाच्या पोटावर आदळली. म्हणून वाचली. गळ्याजवळचं हाड मोडलं.

मागून आलं ते

पोरीला शिस्त नाही. आईनं लाडावून ठेवलीय. हजारदा सांगितलं तरी ऐकत नाही, मुद्दाम करते. कुत्र्याचं निमित्त.

हे त्याने दवाखान्याच्या बाकावर बसून म्हटलं, आत पोरीला पट्टा बांधत असताना. म्हणून झाल्यावर वैजयंताचं तोंड बघितलं. तिच्या तोंडावरून त्याला कळलं. आतून काही कळलं नाही. आतून ते खरंच होतं.

"हे ते हाय काय?" त्याने विचारलं. "घोडं?"

"हो."

"मला न्हाई वाटत तसं."

"ठाऊक हाय मला."

तो उठला आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. "वैजू, मला मिरजेला ने. आत्ताच. उद्या मला जावंसं वाटायचं न्हाई."

झालं ते

डॉ. नदाफ यांनी जो उपाय सांगितला त्याला त्या वळण म्हणत. बसलेल्या पेशी काढता येत नाहीत, पण थोड्या नव्या पेशी शेजारी पेरून एखाद्या ठरावीक स्पर्शाचं उत्तर बदलता येतं.

"मग तिच्या हाताला उत्तरच देऊ नको, असं शिकवा," वैजयंता म्हणाली.

"ते आता होत नाही. बसलेला कणा उत्तर देणारच. तळव्याएवढी जागा झोपवता येते, अख्ख्या अंगाला गप्प बसवता येत नाही, दुसरं काही सांगता येतं. हाताऐवजी पाय. तिने हात लावला की हे मारणार नाहीत, तिथून निघून जातील. मागे सरतील, खोलीबाहेर जातील. तिला लागणार नाही, एवढं मी सांगू शकते."

"बस की मग," बिरदेव म्हणाला.

"ऐकून घ्या. मी पाय वळवू शकते. मागून कारण येईल, ते मला थांबवता येणार नाही."

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं. निघून जाण्यात काय एवढं? मारल्याचं कारण मोठं असतं. उठून बाहेर गेल्याचं कारण कितीसं असणार?

"तिला माहेरी घेऊन जाते, असंही म्हणाले मी याला," वैजयंता म्हणाली. "पण बाप असून पोरीनं बापाबिगर का वाढायचं? घरात तरी असंल. दिसंल तरी."

आणि या वेळी वैजयंताने एक गोष्ट ठरवून केली. दवाखान्याच्या फरशीवर तिने बानूच्या चपला काढल्या आणि काचेमागच्या डॉक्टरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "हे बघ, बाबाला बांधून ठेवलाय. आज काय पण कर. ओरडणार न्हाई कोण. घरात करावंसं वाटतं ते सगळं कर."

बानूने आधी खात्री करून घेतली. "पाठीवर पण?"

"पाठीवर पण."

"न बोलता?"

"न बोलता."

मग ती सुटली. हाड जुळलेल्या बाजूचा हात अजून जपत होती, पण बाकी सगळी बानू त्याच्यावर कोसळली. मागून उडी मारून गळ्यात लोंबकळली. त्याच्या दंडाला चावली. नाक त्याच्या पाठीला पुसलं. मोडक्या कानात फुंकर मारली, मग ओरडली, मग त्याच कानात बोट घातलं. त्याच्या टकलावर ताल धरला. बांधलेला बिरदेव हसत होता आणि त्याच्या अंगावरचे पट्टे सगळीकडे ताणले जात होते. हात सुटायला बघत होते, आणि नव्या पेशी त्यांना समजावत होत्या की हात नाही, पाय.

"अजून हाय काय तुझं?" त्याने विचारलं.

"थांब की. आत्ता तर चालू केलंय."

काचेमागे डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या हाताखालच्या पोरी उघड उघड हसत होत्या. घरी परतताना वैजयंता गाडी चालवत होती, आणि तिला वाटलं, आपण ती जुनी चूक दुरुस्त केली.

झालं ते

बानूने मागून येऊन त्याच्या कमरेला हात लावला. बिरदेव उठून गॅलरीत गेला.

मागून आलं ते

आत गरम होत होतं.

झालं ते

बानू त्याच्या मांडीवर बसायला गेली. बिरदेव जिना उतरून खाली गेला.

मागून आलं ते

गाडीच्या टायरमधली हवा बघायची होती. बघितली. कमी होतीच.

झालं ते

बानूने त्याच्या पाठीला पाठ लावली. बिरदेव खोलीबाहेर. बानू मागे गेली. बिरदेव घराबाहेर. बानू हसत होती, तिला तो खेळ वाटला. तिने त्याला असं दुपारभर घराच्या आत-बाहेर पळवलं. बानू आता दवंडी पिटत चालत नव्हती. आता त्याची गरज राहिली नव्हती.

मागून आलं ते

पोर चिकट आहे. सारखं काहीतरी खात असतं आणि अंगाला पुसतं. आवाज फार करतं. माणसाला घरात जरा शांतता लागते, सराव असतो, डोकं जागेवर ठेवावं लागतं. सगळ्याच माणसांना लेकरांची आवड असते असं नाही. काही लोकांना कुत्री आवडत नाहीत. त्यात त्यांचा काय दोष?

झालं ते

"तू तिच्याशी बोलत का न्हाईस?" वैजयंताने विचारलं. ती त्याच्यासमोर बसली होती, त्याला उठून जाता येऊ नये अशा बेताने, हात न लावता.

"बोलतो की."

"काल तिनं तुला चित्र दाखवलं. तू बघितलंसुद्धा न्हाईस. चित्राला हात न्हाई लागत कुणाचा, बिरू. ते तुझे पाय न्हाईत. ते तू हायस."

बिरदेवने खरोखर विचार केला. त्याला बायकोबद्दल वाईट वाटत होतं. ती उगाच मनाला लावून घेत होती.

"वैजू, खरं सांगू? मला पोरं कधी आवडलीच न्हाईत. लग्नाआधी बोललो असंल मी तुला."

"न्हाई बोललास."

"मग बोलायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

"तू डॉक्टरसमोर काय म्हणालास ते आठवतंय? तेवढं होऊ देऊ नका, म्हणालास. पोर नकोशी झाली तर मला कळणारसुद्धा न्हाई, म्हणालास."

"आठवतंय."

"मग?"

"तेव्हा मी घाबरलो होतो. घाबरलेलं माणूस काय पण बोलतं." त्याने हात पसरले. "आता न्हाई भ्या वाटत. खरंच. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बरं वाटतंय मला. मी जे करतो ते मला पटतं. अजून काय लागतं माणसाला?"

वैजयंताला त्याचा कान धरून पिळावासा वाटला. तिने हात मांडीखाली दाबून ठेवला. मग तिच्या लक्षात आलं, आपण बऱ्याच महिन्यांत याला शिवलेलो नाही, आणि गेल्या काही दिवसांत शिवावंसंही वाटलेलं नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं. पण अजून थोडा वेळ बसली असती, तर तिलाही मागून कारण सापडलं असतं.

म्हणून ती लगेच उठली.

झालं ते

डॉ. नदाफ तपासणीला घरी आल्या. वळण बसल्यावर वर्षातून एकदा यावं लागतं. त्यांनी बिरदेवचे पाय, मान, श्वास बघितला. सगळं उत्तम होतं. पुढच्या झुंजीचं पोस्टर त्याने स्वतः दाखवलं. पोरीचं नाव त्याच्या बोलण्यात एकदाही आलं नाही, आणि ते टाळल्यासारखंही वाटलं नाही.

वैजयंता स्वयंपाकघरात खाली बसून उकडलेल्या शेंगा सोलत होती. डॉक्टर तिच्यासमोर फरशीवरच बसल्या. बानू आता पाच वर्षांची झाली होती. ती शेंगा सोलत नव्हती, नुसती खात होती. शेंगेतलं खारं पाणी आधी ओढायचं, मग दाणे.

"हाताने कोणाला लागलं नाही ना, वर्षभरात?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई. तुम्ही म्हणालात तसंच झालं सगळं," वैजयंता म्हणाली. "सगळंच."

 डॉक्टरांनी एक शेंग घेतली.

बाहेरच्या खोलीतून बिरदेवचा आवाज आला. "बानू, तो टॉवेल दे जरा."

बानू उठली. खुर्चीवरचा टॉवेल घेतला, दारापर्यंत गेली, आणि उंबऱ्यात उभी राहून तो पलीकडे फेकला. तो पोचला की नाही हे न बघता परत येऊन बसली आणि पुढची शेंग उचलली.

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिल्या. या मुलीच्या मानेत कोणी काही पेरलं नव्हतं. तिच्या हातापायांच्या पुढे काही धावत नव्हतं. तिला फक्त काही महिने बाप उठून जाताना दिसला होता, आणि मग एक दिवस तिने त्याच्याकडे जाणं थांबवलं होतं.

"जवळ जाऊन का नाही दिलास, बानू?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं. "आता बाबा मारत नाहीत."

"ठाऊक हाय की मला," बानू म्हणाली.

"मग?"

मागून आलं ते

बानूने विचार केला. पाच वर्षांचं पोर विचार करतं तसा, कपाळाला आठ्या घालून, तोंडातला दाणा एका गालात सारून. तिला डॉक्टरबाईंना खरं ते सांगायचं होतं. ते सापडलं तशी तिची मुद्रा मोकळी झाली.

"मला न्हाई आवडत बाबा," ती म्हणाली. "मी बाळ होते ना, तेव्हापण न्हाई आवडायचा."